अण्णांचे कर्णे आणि माझा पाचशे वॅटचा शहाणपणा

गेल्या रविवारी दुपारी जळकोटच्या आमच्या घरात आम्ही बाप-लेक स्पीकर चालू करून बसलो होतो आणि त्यातून काहीही ऐकू येत नव्हतं... इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आमचे वडील, अण्णा, तरुणपणी तालुक्याच्या गावी एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडली तेव्हा मालकानं सगळ्यांना विचारलं, काय नेता? कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पंखे. अण्णांनी पडद्यामागचे दोन कर्णे आणले. खाली कपाटाएवढं लाकडी खोकं, वर पत्र्याचं रुंद तोंड. टेम्पोतून ते उतरले त्या दिवसापासून आई म्हणे आठवडाभर बोलली नव्हती.

तेव्हापासून ते सोयाबीनच्या पोत्यांमागं गोधडी पांघरून उभे. दर दिवाळीला घर आवरताना 'भंगारात द्या' असा ठराव यायचा आणि अण्णा तो एकट्याच्या मतानं फेटाळायचे.

यंदा अण्णांची पंचाहत्तरी, म्हणून मीच म्हटलं, कर्णे वाजवूया. फक्त एक अँप्लिफायर पाहिजे होता, तोही माझ्यासारख्या मेडिकलवाल्याच्या खिशाला झेपेल असा.

आता आमच्याकडं आवाजातलं सगळं ज्ञान वरातीतून येतं. कुणाच्या लग्नात किती वॅट होते यावर माणसं तावातावानं भांडतात. त्यामुळं मी सल्ला घ्यायला गेलो तो मंडप-डीजेवाल्या मित्राकडं, संतोषकडं.

"एवढाले कर्णे! पाचशे वॅटच्या खाली हात लावू नको, इज्जत जाईल," संतोष म्हणाला. त्यानं स्वतःचाच एक जुना अँप्ली स्वस्तात दिला. मी खूश.

घरी आणून जोडला. अजून गाणं लावलंही नव्हतं, तर दोन्ही कर्ण्यांतून स्स्स... तापल्या तव्यावर कुणीतरी पाणी मारतंय आणि थांबतच नाहीये, तसं. गाणं लावून बटण केसभर फिरवलं की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. आवाज कमी केला की गाण्याच्या मागं पुन्हा तेच स्स्स.

अण्णांनी पाच मिनिटं ऐकलं. मग उठले, कर्ण्यांवर गोधडी टाकली आणि ओसरीत जाऊन बसले.

"मेले रं," म्हणाले. "पोत्याच्या धुळीत ठिवले म्या. म्याच मारले."

मी समजावलं, आईनं समजावलं. उपयोग शून्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः भंगारवाल्याला फोन केला, सोमवारी ये म्हणून. ज्यांनी इतकी वर्षं त्या खोक्यांवर कुणाला हात ठेवू दिला नाही, त्यांनी! मला घास गोड लागेना... हौस माझी आणि शिक्षा त्यांना.

शनिवारी दुकान बायकोवर सोपवून नळदुर्ग गाठलं. तिथं रफिकचाचा म्हणून एक जुने रेडिओ मिस्त्री आहेत. सगळी कहाणी ऐकून ते आधी पोटभर हसले.

"अहो भाऊ, टॉकीजचा कर्णा एका वॅटात अख्खं घर भरतो. त्याला ताकद कशाला पाहिजे? बारकी कुजबूज बी तो मोठ्यानं सांगतो. मग तुमच्या अँप्लीतला सूं सूं बी सांगणारच की!"

म्हणजे कर्णे मेले नव्हते. उलट इतके धडधाकट होते की संतोषच्या अँप्लीची सगळी अब्रू त्यांनी चव्हाट्यावर मांडली होती. मला तिथंच हुश्श झालं, पण अण्णांना पटवायचं राहिलं होतं.

चाचांनी तीन छोटे अँप्ली पिशवीत घालून दिले. डब्याएवढे, जुन्या टेप-रेडिओच्या सामानातून त्यांनीच जोडलेले. "गाणं लावू नका," म्हणाले. "नुसता चालू करा अन् कान लावा. ज्याच्यात काय बी ऐकू येणार न्हाय, तो ठेवा."

रविवारी अण्णा खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हते. शेवटी मी चाचांची ती कान लावायची युक्ती सांगितली, तर ताडकन उठले.

"हे तर आमी रोज करायचो! खेळाच्या आधी, रिकाम्या टॉकीजात. पडद्यामागं जायचं अन् कर्ण्याला कान लावायचा. पण तवा कवाच सूं आला न्हाय."

मग उशीवर गुडघे टेकून बसले आणि कर्ण्याच्या तोंडात डोकंच घातलं. मी पहिला अँप्ली लावला. "सूं हाय. बारीक हाय, पण हाय." दुसरा लावला. "ह्यो घुमतोय."

तिसरा लावला. अण्णांनी डोकं आणखी आत घातलं.

"चालू कर की," आतून आवाज आला.

"चालूच आहे, अण्णा."

डोकं बाहेर काढून त्यांनी अँप्लीवरची लाल बत्ती बघितली. माझ्यावर विश्वास नाही! मग दुसऱ्या कर्ण्याला कान लावला. बराच वेळ लावला. वळले तेव्हा डोळे भरलेले होते.

"जित्ते हायेत रं दोगं बी."

मी म्हटलं, "अण्णा, चूक माझी होती. तुमची नव्हती." त्यांनी माझा हात धरून ठेवला. मी गाणं लावायला निघालो तर म्हणाले, "थांब जरा. लई वर्सांनी ऐकतोय."

तेवढ्यात आई दारात आली. "काय ऐकताय दोघं?"

"काय न्हाय," अण्णा म्हणाले, आणि आम्ही दोघं जे हसत सुटलो...

गाणी नंतर वाजली. बटण पाव फेरासुद्धा फिरवावं लागलं नाही आणि स्वयंपाकघरात आईला शब्दन् शब्द कळत होता. रफिकचाचा, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

सोमवारी भंगारवाला आला. अण्णांनी त्याला चहा पाजला, दोन भजनं ऐकवली आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. कर्ण्यांवरची गोधडी आईनं धुऊन वाळत घातलीय. अण्णा म्हणाले, "आता ती म्याच पांघरतो."