आधी सत्कार, मग चुका

उमरग्यातल्या आमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरायची. चुका कळाव्यात म्हणून आमच्या क्रीडाशिक्षकांनी सोलापूरहून एक नामांकित प्रशिक्षक बोलावले, आणि खेळ दाखवायच्या आधीच त्यांचा सत्कार उरकला. शाल, हार, फेटा, वर अध्यक्षांचं रटाळ भाषण. फेटा बांधून घेतलेला माणूस कुणाच्या चुका काढणार? आमचा भिकार खेळ बघून ते म्हणाले, ‘‘पोरं गुणी आहेत.’’

मला राहवलं नाही. त्यांना गाडीपाशी गाठून म्हटलं, ‘‘सर, खरं सांगा.’’

‘‘तो हार कसा हातोहात माझ्यापर्यंत आला! चेंडू तसा एकदाही गेला नाही.’’

मी पळत जाऊन हे क्रीडाशिक्षकांना सांगितलं. त्यांची छाती फुगली.

‘‘म्हंजे सत्कार लई आवडला म्हण की!’’