तांबड्या खाडीतली बारा झाडं

स्तामातेलाकडून होडी भाड्यानं घ्यायची म्हणजे आधी उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. कुठून आलात, पोहता येतं का, दुपारी दारू घेता का, बरोबरची बाई बायकोच आहे ना. हा शेवटचा प्रश्न ती तोंडानं विचारत नाही, नुसती बघते, आणि ते जास्त वाईट. धक्क्यावर तिच्या पाच निळ्या होड्या आहेत. इंजिनं इतकी छोटी की चालवायला परवाना लागत नाही. शेजारीच माझं कॉफीचं दुकान असल्यामुळे गेली तीस वर्षं मी तिचं बोलणं फुकटात ऐकत आलोय.

माणसावर विश्वास ठेवायचा नाही, नांगरावर ठेवायचा, हे तिचं तत्त्व. संध्याकाळी गिऱ्हाईक परत येतं आणि सांगतं, आम्ही इथे जवळपासच होतो. ही वाकून नांगर बघते. पांढरी वाळू चिकटलेली असेल तर चर्चखालच्या खाडीत, काळं समुद्रगवत अडकलं असेल तर गुहेच्या अलीकडे, आणि नांगराचे दाते घासून चकाकत असतील तर गोट्यांच्या किनाऱ्यावर. एका जर्मन माणसाला तिनं बायकोदेखत विचारलं होतं, की कालही हीच वाळू होती, ही जागा एवढी आवडली का. काल तो म्हणे दिवसभर डोकं दुखतंय म्हणून एकटाच फिरायला गेला होता.

एका खाडीचा चिखल मात्र कुणाच्याच नांगराला लागलेला तिला चालत नाही. ती तांबडी खाडी. गिऱ्हाइकाला जो नकाशा देते त्यावर तिथे तिनं लाल पेन्सिलीनं फुली मारलेली असते, आणि तोंडाशी मोठा खडक आहे म्हणून सांगते. खडकबिडक काही नाही. तिथे तिच्या बापाची बारा ऑलिव्हची झाडं आहेत आणि जायला पाण्याशिवाय वाट नाही.

बापानं मरताना दोघी मुलींना सहा-सहा झाडं दिली. आमच्याकडे जमीन एकत्र राहते, झाडं वाटली जातात. खोडाची साल तळहाताएवढी तासायची आणि तिथे लाल तेलरंगात धन्याचं अक्षर काढायचं. सहांवर स्तामातेलाचं अक्षर, सहांवर थोरल्या आरेतीचं. आरेती लग्न करून मेलबर्नला गेली त्याला एकेचाळीस वर्षं झाली. सुरुवातीला पत्रं यायची. मग आरेतीला वाटायला लागलं की बहीण माझ्या वाटणीचं तेल खाते, आणि हिला वाटायला लागलं की ती तिकडे बसून झाडं विकायचा घाट घालतेय. पत्रं थांबली. त्या घराण्यात पोराला दात यायच्या आधी संशय येतो.

तरीही दरवर्षी ईस्टरनंतरच्या सोमवारी स्तामातेला तिथे जायची आणि बाराही झाडांवरची अक्षरं नव्यानं रंगवायची. आधी आरेतीची सहा, मग स्वतःची. रंगाचा डबा माझ्याच काउंटरखाली असतो म्हणून मला हे ठाऊक. एकदा मी छेडलं, की जिचं नाव काढलं तरी तुझ्या कपाळाला आठ्या पडतात, तिच्यासाठी एवढी मेहनत कशाला?

"जे तिचं ते तिचं, मेमा," ती म्हणाली. "ती मला आवडत नाही, ती गोष्ट निराळी."

यंदा एका हॉटेलवाल्यांना तांबडी खाडी हवी होती, पाहुण्यांसाठी लाकडी धक्का बांधायला. त्यांची दोन माणसं स्तामातेलानं पिटाळून लावली. पण आरेतीची सहा झाडं त्यांच्या हाती पडली असती तर खाडी गेलीच म्हणून समजा, आणि ह्याच धास्तीनं तिचा उन्हाळा खाल्ला. रस्त्यात टेप घेऊन उभा असलेला सुतारसुद्धा तिला त्यांचाच वाटायचा.

सप्टेंबरच्या शेवटी तो आला. एकटा, चाळिशीकडे झुकलेला, इंग्रजी बोलणारा, गळ्यात कॅमेरा आणि खिशात वही. नाव लिओ. त्यानं पाच दिवसांसाठी होडी घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी कोरड्या केसांनी परत आला. खाड्या बघायला येऊन पाण्यात न उतरणारा माणूस आम्ही आजवर पाहिला नव्हता.

"हॉटेलवाल्यांचा मोजणीदार असणार," मी म्हणालो. थट्टेत म्हणालो असं मी आता सांगतो. खरं म्हणजे त्या दिवशी बोलायला दुसरं काही नव्हतं.

ते बी तिच्या डोक्यात लगेच रुजलं. तो माझ्याकडे कॉफी पीत बसायचा आणि आम्ही आमच्या भाषेत त्याच्या तोंडावर त्याची उणीदुणी काढायचो. मांजर मासळीकडे बघतं तसा बघतोय मेला, असं ती म्हणाली तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं आणखी साखर मागितली. मला वाटलं, बिचाऱ्याला काही कळत नाही.

पहिल्या दिवशी नांगराला पांढरी वाळू होती. दुसऱ्या दिवशी काळं गवत. तिसऱ्या दिवशी दाते घासलेले. तो एकेक खाडी घेत किनाऱ्यानं दक्षिणेकडे सरकत होता, एकही न गाळता. स्तामातेलानं बोटांवर हिशेब केला, उद्या गुहा, परवा तांबडी.

चौथ्या दिवशी सकाळी त्याची होडी टोकापलीकडे दिसेनाशी झाली तशी तिनं माझ्याकडून रंगाचा डबा मागून घेतला, घरातून चुन्याची बादली आणली आणि भर हंगामात धंदा बंद करून निघून गेली. दुपारी आली तेव्हा कोपरापर्यंत पांढरी झाली होती. मी विचारलं तर म्हणाली, आता बाराही माझी आहेत, येऊ दे त्याला मोजायला. आरेतीच्या सहा झाडांना तिनं चुना फासला होता आणि वर स्वतःचं अक्षर काढलं होतं. मी तिच्यापुढे कॉफी ठेवली. तिनं तीनदा हात धुतले आणि कॉफी तशीच थंड होऊ दिली.

पाचव्या संध्याकाळी लिओ परतला तेव्हा नांगराला तांबडा चिखल होता. ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याच्यावर घसरली, खडक सांगितला होता, फुली दाखवली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो आमच्या भाषेत बोलला, आणि तेही माझ्या आजीच्या वेळच्या, आता गावात कुणी न बोलणाऱ्या ढंगात.

"तिथे खडक नाही, मावशी. तुम्ही सगळ्या नकाशात एकाच खाडीवर फुली मारलीत, आणि बाकीच्या चारांत झाडं सापडली नाहीत, म्हणून कळलं की तीच असणार."

तो आरेतीचा मुलगा होता. तिला आता जवळजवळ दिसत नाही. ती त्या जागेला बाबांची खाडी म्हणायची आणि नकाशात तसं नाव नव्हतं, म्हणून तो एकेक खाडी पालथी घालत होता. आधी डोळ्यांनी बघ, मग तोंड उघड, अशी तिची सक्त ताकीद होती. कुणाचा कोण हेही सांगायचं नाही. माझं अक्षर जागेवर असेल तर सहा झाडं मावशीच्या नावे करून दे. पुसलं असेल तर ज्या हॉटेलवाल्यांनी मला कागद पाठवलाय त्यांना विक. दोन्ही कागद आईच्या सहीनिशी त्याच्या पिशवीत होते.

"बाराही झाडांवर तुमचंच अक्षर आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो नुसता दमलेला दिसत होता. "आई म्हणतच होती."

झाडं पहिल्यापासून माझीच होती, असं स्तामातेला म्हणू शकली असती. खरं सांगतो, मीही मान डोलावली असती. पण तिनं बादली उचलली, होडीत पाय टाकला आणि मलाही बस म्हणाली. लिओला म्हणाली, "उजेड आहे तोवर चल."

तांबड्या खाडीत पोचलो तेव्हा ऊन कड्याच्या वर चढलं होतं. तिनं समुद्राचं पाणी पहिल्या झाडावर ओतलं आणि पदरानं पुसावं तसं एप्रनच्या टोकानं खोड घासायला लागली. चुना कालचाच होता, दुधासारखा ओघळला. त्याच्याबरोबर तिचं ताजं अक्षर वाहून गेलं, आणि खाली आरेतीचं लाल अक्षर निघालं. नुसतं निघालं नाही, उठून आलं. चाळीस वर्षांचे हात एकावर एक बसून ते नाण्याएवढं जाड झालं होतं. तिनं लिओचं बोट धरलं आणि त्यावरून फिरवलं.

"चाळीस वर्षं रंगवलं," ती म्हणाली. "काल झाकलं."

"काल का?"

"तुला बघून."

त्यानं होडीच्या किल्लीनं अक्षराची कड जराशी खरवडली. लाल, त्याखाली विटकं लाल, त्याखाली तपकिरी, संपेचना. मोजणीदार म्हणालो तो मीच, असं मी मध्येच कबूल करून टाकलं, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला त्या दोघांकडे बघवेना म्हणून मी दुसऱ्या झाडावर पाणी ओतलं.

शेवटच्या झाडामागच्या कातळावर चढलं की फोन लागतो. तिकडे रात्रीचे दोन वाजले असतील, पण आरेतीनं पहिल्याच घंटीला उचलला. आम्हालाही ऐकू यावं म्हणून लिओनं आवाज मोठा केला.

"आहे, आई. तुझं अक्षर आहे."

मग म्हातारा, घोगरा आवाज आला, "ओला आहे का रंग? नख लावून बघ."

लिओ हसला. स्तामातेला हसली नाही. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला, आणि एकेचाळीस वर्षांनी बहिणीशी पहिलं वाक्य बोलली.

"आरेती, काल मी त्यावर चुना फासला होता. तुझ्या पोराला मी विकत घेणाऱ्यांचा माणूस समजले."

मला वाटलं, गेली खाडी.

"मी तिथे असते," आरेती म्हणाली, "तर पहिल्याच वर्षी फासला असता."

मग दोघी रडायला लागल्या, एक इथे आणि एक तिथे, आणि मध्येच आरेतीनं विचारलं की गेल्या हिवाळ्यात तेल किती निघालं. लिओ खाली उतरला. पिशवीतून त्यानं हॉटेलवाल्यांचा कागद काढला, त्याला चुन्यानं भरलेले हात पुसले आणि म्हणाला, "मावशी, रंगाचा डबा कुठे ठेवतेस तू?"