जागा धरणारे दाजी

सिंगापूरमधल्या माझ्या पहिल्याच दुपारी दाजींनी माझा पासपोर्ट एका टेबलावर ठेवला आणि ते नूडल्स आणायला निघून गेले. बिशानचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांचं मोठं मंडप, आणि ऐन जेवणाची वेळ. इथे लोक टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरतात आणि खुशाल रांगेत जातात. दाजींच्या खिशात त्या दिवशी पाकीट नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या हातातला पासपोर्ट घेतला. मी जन्माचा भित्रा. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"अहो दाजी, कुणी उचलला तर?"

"मेहुणे, घाबरायचं कशाला? इथं व्यवस्था आहे." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

रांगेत मी मान वळवून वळवून टेबलाकडे बघत होतो. परत आलो तेव्हा पासपोर्ट जागच्या जागी होता. दाजींच्या चेहऱ्यावर असा आनंद, जणू तो पासपोर्ट त्यांनीच राखला होता. "बघितलं?" एवढंच म्हणाले आणि जेवायला लागले.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जालन्याकडच्या खेड्यातून शिकत शिकत इथल्या बुओना व्हिस्टा भागातल्या प्रयोगशाळेत पोचलेले. शिडशिडीत अंगकाठी, कडक इस्त्रीचा शर्ट, चालणं तुरुतुरु. फोन उचलला की मोठ्याने "जय भीम" म्हणणार, मग गाडीत कितीही माना वळोत. लॅपटॉप, छत्री, घराच्या किल्ल्या, हाताला लागेल ते ठेवून ते जागा धरत. ताई कपाळाला हात लावायची. "एक दिवस मलाच ठेवून जाल टेबलावर!" त्यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "तू जागेवर राहशील याची खात्री नाही." त्यांना जाऊन आता वर्ष झालं, तरी हॉकर सेंटरमध्ये शिरलो की माझी नजर त्यांच्या छत्रीला शोधते.

एका सप्टेंबरात त्यांची जर्मनीत परिषद होती. त्यांच्या लेकीला, मैत्रीला, नेमकी शाळेची सुट्टी, म्हणून ताई आणि ती निघाल्या, आणि बॅगा उचलायला मी. परिषद संपल्यावर आम्ही द्राक्षमळ्यांमधल्या एका गावी वाइनच्या जत्रेला गेलो. चौकात लांबच लांब बाकं, बँडवाले, बटाट्याच्या थालीपिठांचा खमंग वास. दाजी पंचशील पाळणारे, वाइनला शिवणार नव्हते. पण द्राक्षांचा ताजा रसही होता, आणि त्या रसावर गांधीलमाश्या घोंघावत होत्या.

त्या माश्या पाहून मी थबकलोच. मैत्रीला पूर्वी बिशानच्या बागेत मधमाशी चावली होती आणि अंगभर गांधी उठून धाप लागली होती. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शनचं पेन एका लाल बटव्यात सतत तिच्याजवळ असायचं. "दाजी, आत कुठंतरी बसू या का?" मी म्हणालो. "मेहुणे, पेन आहे ना आपल्याजवळ? घाबरायचं कशाला?" त्यांनी एक रिकामं बाक पाहून टिश्यूचं पाकीट ठेवलं. वारा होता, पाकीट उडायला लागलं. त्यांनी मैत्रीच्या गळ्यातला लाल बटवा काढला आणि वजन म्हणून त्यावर ठेवला. ताई तेवढ्यात हात धुवायला गेली होती. मी पाहत होतो. पण इतक्या वर्षांत त्यांची एकही वस्तू गेलेली नव्हती, त्यामुळे माझ्या भित्र्या जिभेलाही काही बोलायचं सुचलं नाही.

रस आणि थालीपिठं घेऊन आम्ही परतलो तर त्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बटवा नव्हता. दाजी बाकाखाली वाकले आणि त्याच क्षणी मैत्री किंचाळली. तिच्या पेल्यात माशी होती. ओठाला डसली.

तिचा ओठ बघता बघता फुगला. गळ्यावर लाल चट्टे आले. "मामा, माय थ्रोट फीलिंग फनी लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, आणि तिचा आवाज तिचा वाटेना. ताई धावत आली, तिला मांडीवर आडवं घेतलं आणि ओरडली, "अहो, बटवा कुठंय?"  दाजी नुसते बाकाकडे बघत राहिले. इतका पांढरा पडलेला चेहरा मी जिवंत माणसाचा पाहिलेला नाही.

बाकावरच्या आजीबाईंना थोडं इंग्रजी येत होतं. बेवारस बॅग दिसली म्हणून त्यांनी ती अग्निशमनवाल्याच्या हाती दिली होती. त्यांनी चौकाच्या दुसऱ्या टोकाच्या लाल बंबाकडे बोट केलं, आणि त्यांचे यजमान उठून मोठमोठ्याने मदतीला हाका मारू लागले. दाजी धावले. मध्ये सगळी जत्रा होती. बँड वाजतच होता, लोक पेले उंचावून गात होते. मैत्रीचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी तिचे तळवे चोळत होतो. ही पोर आता माझ्या डोळ्यांदेखत जाते, असं मला खरोखर वाटलं. 

दाजी आले, मागे बंबावरचा माणूस. हातात बटवा होता, पण दाजींची बोटं इतकी थरथरत होती की त्यांना पेनचं टोपण निघेना. ताईने ते हिसकावलं आणि पोरीच्या मांडीत टोचलं. जरा वेळाने शिट्टी मंदावली. मैत्री रडायला लागली आणि आम्हा तिघांना ते रडणं गोड वाटलं.

दवाखान्यात तिला झोप लागल्यावर दाजी बाहेरच्या खुर्चीत माझ्याशेजारी बसले. "मेहुणे, आमच्या वस्तीत अंधार पडल्यावर कुणी दार वाजवलं की माय आधी दिवा विझवायची. मग आम्ही श्वास धरून बसायचो. सिंगापूरला आलो, एकदा टेबलावर पाकीट ठेवून पाठ फिरवली, आणि परत आलो तर ते तिथंच! मी तिथंच रडलो. वाटलं, सुटलो आता. आज कळलं, मी भ्यायचंच विसरलो होतो. माझी लेक ठेवून आलो रे मी त्या बाकावर."  मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.

त्यानंतर 'घाबरायचं कशाला?' हे वाक्य त्यांच्या तोंडी पुन्हा आलं नाही. रस्त्यात मैत्रीचा हात सोडेनात, झाडाखाली उभं राहू देईनात. आणि अशातच तिच्या शाळेचा जंगलातला कॅम्प आला. ताईने साफ नकार दिला. मीही ताईच्या बाजूचा. पण दाजी शाळेत गेले. शिक्षकांना आणि मैत्रीच्या मैत्रिणींना त्यांनी सरावाचं, बिनसुईचं पेन स्वतःच्या मांडीवर टोचून टोचून दाखवलं. ज्यांच्याने टोपण निघत नव्हतं ते दाजी घरीही रोज सराव करत होते.

"अहो, झोपेत दचकून उठता तुम्ही," ताई म्हणाली. "इतकी भीती वाटते, तर पाठवता कशाला?"

"भीती माझी आहे. तिच्या पाठीवर कशाला लादू?"

कॅम्पला निघायच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी आम्ही उभे होतो. खिडकीतून मैत्री ओरडली, "डोन्ट वरी लाह, पप्पा!" दाजींनी हसून हात हलवला, बस वळेपर्यंत हसत हलवत राहिले. मग त्यांनी माझा हात पकडला. तळवा घामाने ओला होता. रस्ता कधीच रिकामा झाला होता, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.