तंबूची जागा

रानात मुक्कामाची जागा निवडणं हे शास्त्र आहे, असं माझा मित्र देवरूखपासून डोंगरमाथ्यापर्यंत सांगत होता. त्याच्या गळ्यात होकायंत्र होतं आणि मोबाइलमध्ये उतार मोजायचं ॲप. वर पोचल्यावर त्याने तीन जागा निवडल्या. तिथेच म्हशी राखत बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्या बसल्याबसल्या काठीने रद्द केल्या.

"तितं मुंग्या हायत. ती गव्यांची वाट. आनि तितं कातळ, खुंट्या काय कपाळात ठोकनार?"

ऊन उतरलं होतं आणि तंबू अजून पाठीवरच होता. "आजोबा, मग तुम्हीच दाखवा," मी म्हणालो.

तो ऐनाच्या झाडाखाली गेला. पायाने खडे सारून त्याने घोंगडी अंथरली. "जागा वायच पडून बगायला लागते," म्हणत तो आडवा झाला, या कुशीवर वळला, त्या कुशीवर वळला.

"कशी आहे?" मित्राने विचारलं.

उत्तरादाखल घोरणं ऐकू आलं. इतका निःसंदिग्ध अभिप्राय मी कुठल्याही तज्ज्ञाकडून ऐकलेला नाही. रात्री आम्हालाही तिथे तशीच झोप लागली.

मात्र त्याआधी म्हातारा उठेपर्यंत त्याच्या म्हशी, गळ्यात होकायंत्र घालून, माझ्या मित्राने राखल्या.