सिस्टरांचा पेशंट

सिस्टर कुणाशीही बोलायला उभ्या राहिल्या की आधी समोरच्याचं मनगट धरायच्या. विषय पाणी कधी येणार हा असो की कुणाच्या मुलीचं लग्न, त्यांची नजर आपल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. मग हात सोडून म्हणायच्या, "ठीक आहे. बोला." महापालिकेच्या इस्पितळातून त्या हेडनर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. परळची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, शेजारी बदलले, पण त्यांना नावाने हाक मारायची हिंमत कुणाची झाली नाही. सहाव्या मजल्यावर त्यांच्या समोरचं दार माझं.

त्यांची मुलगी सुजाता माहीमला राहायची. आई एकटी, म्हणून तिने फोनवर कुठलासा लेख शोधून काढला होता. कुत्रा पाळला की बीपी उतरतं, व्यायाम होतो, एकटेपणा जातो, आयुष्य वाढतं. एका रविवारी ती लेख आणि कुत्रा दोन्ही घेऊन आली. तांबडा, जाडा, एका डोळ्याने अधू. कुणीतरी हौसेने पाळून, हौस फिटल्यावर सोडून दिलेला. सिस्टरांनी लेख शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

"लिहिणाऱ्याकडे कुत्रा नाही," त्या म्हणाल्या. "असता तर एवढं लिहायला फुरसत मिळाली नसती."

सुजाताने त्याचं नाव ब्रुनो ठेवलं होतं. सिस्टर त्याला 'पेशंट' म्हणायच्या. पेशंट जेवला. पेशंट आज तक्रार करतोय.

आरोग्याचे फायदे लगेच दिसू लागले. पहिल्याच आठवड्यात पेशंटने बीपी मोजायच्या मशीनचा पट्टा चावून टाकला. "बीपीचा प्रश्न मिटला," सिस्टर मला म्हणाल्या, "आता मोजताच येत नाही." झोप सुधारली, म्हणजे पहाटे पाचलाच संपू लागली. आहारही सुधारला, त्याचा. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याचं वजन उतरवायला सांगितलं होतं, म्हणून त्याच्यासाठी बिनमिठाची कोंबडी ताजी शिजायची आणि सिस्टर कालची भाकरी ओट्याशी उभ्याने खायच्या.

व्यायामाची सोय सोसायटीने केली. लिफ्टमध्ये पाटी लागली, 'पाळीव प्राण्यांना सक्त मनाई.' त्याच लिफ्टमधून सिमेंटच्या गोणी जायच्या, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या असायच्या, पण त्या पाळीव नव्हत्या. सिस्टर भांडल्या नाहीत. दिवसातून दोनदा सहा मजले उतरायच्या आणि सहा मजले चढायच्या. काही महिन्यांनी त्यांची साखर खाली आली. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी त्याचं श्रेय कमिटीला दिलं आणि सभासदांनी टाळ्याही वाजवल्या.

त्याच वर्षी माझी बायको शुभदा गेली. बँकेची नोकरी मी आधीच सोडली होती. घरात टीव्ही चालू असायचा आणि मी त्याच्यासमोर बसलेला असायचो. जेवण फोनवरून यायचं. नातेवाईक म्हणायचे, राणे सावरलेत. मी कुणाला त्रास देत नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ.

एके सकाळी सिस्टरांनी बेल वाजवली. एका हातात काठी, दुसऱ्यात पेशंटचा पट्टा.

"राणे, माझा गुडघा गेलाय. सहा आठवडे जिना बंद. याला सकाळ-संध्याकाळ तुम्ही न्यायचं."

"सिस्टर, मला कुत्रे आवडत नाहीत."

"आवडायला कुठे सांगितलंय? फिरवायला सांगितलंय."

पट्टा माझ्या हातात देऊन त्या दार लावून मोकळ्या झाल्या.

पहिल्या दिवशी मी त्याला गेटपर्यंत नेऊन आणलं. त्याला ते मान्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने मला पुलाखालच्या मासळीवालीपर्यंत ओढत नेलं. ती त्याला ओळखत होती, मला नाही. "सिस्टर आजारी काय?" तिने विचारलं. घरी जेवण पोचवणारा सोडून कुणाशी तरी बोलायची वेळ महिन्यांनी आली होती. मी घसा खाकरून गुडघ्याची सगळी हकिकत सांगितली.

पाचव्या आठवड्यात पेशंटला घेऊन उतरत होतो, तर तिसऱ्या मजल्यावर समोरून सिस्टर. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, काठी नाही, धापही नाही.

"गुडघा बरा झाला वाटतं," मी म्हटलं.

"बराच होता. तुमचे पडदे तीन महिने बंद होते, राणे." आणि त्या वर निघून गेल्या.

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पण सहा वाजता पेशंट माझं दार खरवडायचा, त्यामुळे दोन्ही दिवस जावं लागलं. पुढे सकाळ माझी आणि संध्याकाळ त्यांची, असं ठरवून न घेताच ठरलं.

चार वर्षांनी त्याची मूत्रपिंडं गेली. सिस्टरांनी खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगली, तक्ता केला, दर तासाची नोंद ठेवली. हॉस्पिटलात शेकडो माणसं गेलेली पाहिलेली बाई. एका दुपारी त्यांनी शेवटची नोंद लिहिली, अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य, आणि त्याच्या अंगावर चादर ओढली. त्रिशरण त्यांनी इतकं हळू म्हटलं, की मला फक्त ओठ हलताना दिसले.

त्याला न्यायला खाली गाडी आली होती. सेक्रेटरी स्वतः लिफ्टचं दार धरून उभे होते.

"आज न्या लिफ्टने, सिस्टर."

"नियम आहे," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हीच केलेला."

चादरीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. सहा मजल्यांत त्या एकदाही थांबल्या नाहीत. सेक्रेटरी आमच्यामागून जिना उतरत आले. ते का आले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

नंतर सिस्टरांचं बीपी चढलं ते उतरेचना. त्या लेखात कुत्रा गेल्यावर काय होतं याबद्दल एक ओळही नव्हती. सुजाताने त्यांना माहीमला न्यायचं ठरवलं. सिस्टर कुणाचं तरी ऐकतायत हे पाहून इमारत चरकली.

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"जेवायचं काय करता हल्ली?"

"मीच करतो. वरण-भात. कधी बोंबील."

"मीठ कमी घाला." टॅक्सी निघाली.

मी वर गेलो नाही. तसाच चालत सुटलो. भोईवाड्याच्या नाक्यापर्यंत तिघांनी मला थांबवून विचारलं, सिस्टर गेल्या का. तिघांचीही नावं मला ठाऊक होती.