भाऊजींचे सात किलो

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मूळचे देवळीचे आणि नोकरीने पुण्याचे. नागपूरपर्यंत ते विमानानेच येतात. नालवाडीला आमच्या घरी पाय ठेवला, की चपला काढायच्या आत एसटीच्या भावात तिकीट कसं मिळवलं ते सांगायला लागतात. कुठल्या वारी बघायचं, कुठल्या ॲपवर, रेट पडेपर्यंत दम कसा धरायचा. बाबा कौतुकाने ऐकायचे. मीही चहा देता देता हसायचे. आता हसत नाही.

बाबा अत्यवस्थ झाले, तेव्हा मी ताईला फोन करून म्हटलं, आजच निघ. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "हे म्हणून राह्यले, मंगळवारी रेट पडते. आत्ता लय महाग आहे."

"मग रेल्वेत बस ना, जनरल डब्यात."

मागून भाऊजी बोलले, "काऊन हाल करून घ्यायचे? दोन दिवसांनं काय फरक पडते?"

इकडे बाबा दाराकडे बघत एकच विचारत होते, "मोठी आली का?"

मंगळवारी रेट पडला. ताई पोचली तेव्हा आम्ही सगळे स्मशानातून परतलो होतो. ती अंगणातच खाली बसली. आणि भाऊजी आमच्या मावसभावाला सांगत होते, "बरं झालं थांबलो, अर्ध्यात आलो." ते वाक्य मी वर्षभर गाठीला बांधून ठेवलं. सूड म्हणा, मला चालेल.

वर्षाने बाबांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे पहिल्या स्मृतिदिनाला, दोघं आले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि पंगतीतच भाऊजींनी जाहीर केलं की यंदा त्यांनी सगळ्यात स्वस्त तिकीट काढलंय. फक्त हातातली बॅग, माणशी सात किलो. त्यांनी स्वतःच माझ्या हातात काठी दिली.

नवं पीक निघालं, की लेकी-बहिणींकडे त्याचा वाटा जातो. त्याला वानोळा म्हणतात, आणि तो कुणी नाकारत नाही. नाकारला तर देणाऱ्याचं वावरच नाकारल्यासारखं होतं. बाबांच्या वावरातली तूर नुकतीच निघाली होती. मी तिची डाळ करून मोठी पिशवी गच्च भरली आणि निघायच्या वेळी, सगळा गोतावळा अंगणात असताना, भाऊजींच्या हातात दिली.

भाऊजींनी खिशातून काटा काढला. हुकाचा, बॅग लटकवून तोलायचा. तो नेहमी त्यांच्याजवळ असतो. पिशवी आत घालून बॅग उचलली आणि त्यांचा चेहरा पडला. "थोडी काढून ठेवतो. विमानतळावर वजनाचं तिकिटापेक्षा जास्त भरावं लागन."

आत्या खाटेवरून म्हणाली, "काय जी जवाईबापू, गेलेल्या माणसाच्या वावरातला वानोळा वापस करता का?"

सगळे बघायला लागले. चमडी गेली तरी दमडी न सोडणारा माणूस, भर अंगणात घामाघूम झाला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ते पैसे भरतील, वर्षभर चरफडतील, एवढाच माझा बेत होता.

पण ताई उठली. वर्षभर तिने या विषयावर एक शब्द काढला नव्हता. ती बॅगेपाशी बसली, त्यांचा नवा कोट काढला, बूट काढले, घडीचे शर्ट काढले, आणि सगळं आत्याच्या खाटेवर नीट ठेवलं. डाळ आतच राहू दिली.

"अवो, माहे कपडे!"

"राहू द्या इथंच. पुढच्या मंगळवारी येऊन घेऊन जाजा. रेट पडते."

"कोट लागते मले सोमवारी!"

ताईने चेन ओढली आणि त्यांच्याकडे बघितलं. "माहा बाप थांबला नाई. तुमचा कोट थांबन."

भाऊजींनी काटा खिशात घातला.