धुक्यातला डावा इंडिकेटर

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण बायको चारचौघांत सांगणारच आहे, त्यापेक्षा मीच सांगून टाकतो. निदान मीठमसाला तरी माझ्या हातचा.

संक्रांतीला आमचं दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं मंडळ पानिपतला जातं, काला अंबच्या युद्धस्मारकावर फुलं वाहायला. आठ गाड्यांची रांग, पहिल्या गाडीला भगवा झेंडा. यंदा तो मान माझ्या अडुसष्ट सालच्या गाडीला हवा होता. पण अध्यक्ष साठेसाहेब म्हणजे जन्मभर सरकारी फायली चघळलेला माणूस. म्हणाले, "सुभेदार, तुमचा डावा इंडिकेटर मेलाय. धुक्यात मागच्यांनी बघायचं काय? दुरुस्त करा, नाहीतर माझ्या गाडीत मागे बसा."

मागे? मी? आणि वाटभर त्यांच्या पेन्शनच्या कहाण्या ऐकायच्या?

बल्ब बदलला. अंधार. फ्यूज बदलला. अंधार. टिकटिक करणारा फ्लॅशर बदलला, तर टिकटिकसुद्धा गेली! करोल बागच्या मिस्त्रीनं बॉनेटमध्ये डोकावून नुसता नमस्कार केला. "अंकल, इसको अब आराम करने दो." चार दिवस जेवण गेलं नाही मला. पाचव्या दिवशी दिव्याखालचा गंज दिसला. पॉलिश पेपरनं घासला, अर्थिंग मिळालं, आणि दिवा लागला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

मग फायनल चेकिंग. बायको आत, मी गाडीसमोर उभा. म्हटलं, डावा दे. आणि लागला कुठला? माझ्या उजव्या हाताचा! म्हटलं, बोंबला, तारा उलट्या जोडल्या गेल्या. लगेच स्टिअरिंगखालच्या दोन्ही तारांची अदलाबदल केली. आता बरोबर माझ्या डाव्या हाताचा लागला. वा रे मी!

हसू नका एवढ्यात.

संक्रांतीला असं धुकं, की स्वतःचं बॉनेट दिसेना. मागच्यांना माझी गाडी कुठली दिसणार? दिसत होता तो फक्त दिवा. पानिपतजवळ हायवे सोडला, चौकात उजवा इंडिकेटर दिला, ऐटीत उजवीकडे वळलो. काला अंबला पोचलो तर मी, बायको, झेंडा आणि तिळाच्या लाडवांचा डबा. बाकी अख्खी फौज गायब!

अर्ध्या तासानं साठेसाहेबांचा फोन. सातही गाड्या एका घोंगड्यांच्या कारखान्याच्या आवारात अडकल्या होत्या. वळवायला जागा नाही, आणि चौकीदार प्रत्येकाचं नाव रजिस्टरमध्ये लिहून घेत होता. मी असा हसलो म्हणता! "साहेब, उजवीकडे वळायचं होतं. डावं-उजवं कळत नाही होय?"

ते तासाभरानं आले. फुलं सुकलेली, चेहरे त्याहून. साठेसाहेब एवढंच म्हणाले, "दिवा डावा लागला होता, सुभेदार."

म्हटलं, थांबा, दाखवतोच. बायकोला आत बसवलं, सगळ्यांसमोर गाडीपुढे उभा राहिलो. "दे डावा." लागला, माझ्या डाव्या हाताला. "बघा!"

बायको खाली उतरली. माझे खांदे धरले आणि मला गर्रकन फिरवून गाडीकडे पाठ करून उभं केलं.

"आता डावा हात वर करा."

केला. दिवा माझ्या उजव्या अंगाला लुकलुकत होता.

"बावीस वर्षं रंगरुटांना परेड शिकवलीय यांनी," ती मंडळींना म्हणाली, "अशीच समोर उभं राहून."

साठेसाहेबांनी आयुष्यात एकच विनोद केला, तो तेव्हा. चष्मा पुसत, अगदी काळजीनं म्हणाले, "सुभेदार, ती पोरं आत्ता सीमेवर नेमकी कुठं तोंड करून उभी असतील हो?"